एकटं बातमीदारी करायला निघताय? आधी रक्तस्राव थांबवायला शिका

दंगल, सशस्त्र संघर्ष, स्फोट, गोळीबार अशा ठिकाणी पहिल्यांदाच जाणाऱ्या फ्रीलान्स बातमीदाराची तयारी बहुतेक वेळा कॅमेरा, बॅटऱ्या, पॉवर बँक आणि मेमरी कार्डपाशी संपते. शेजारी उभा असलेला सहकारी जखमी झाला, तर पुढच्या पाच मिनिटांत काय करायचं हे ठरलेलं नसतं. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. मांडीतली मोठी धमनी फाटली, तर काही मिनिटांतच जीव धोक्यात येतो. रुग्णवाहिका इतक्या लवकर पोचत नाही. त्यामुळे ती पाच मिनिटं जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असतात.

हे लक्षात घेऊन फ्रीलान्स बातमीदारांना प्रशिक्षण देणाऱ्या ना-नफा संस्था उभ्या राहिल्या. त्यांपैकी एक नीट समजून घेतली, की अशा प्रशिक्षणात काय शिकायचं आणि ते का, हेही कळतं. हा लेख वाचून तुम्ही प्रशिक्षित होणार नाही. त्यासाठी हातानं सराव करावा लागतो. पण प्रवेश कसा मिळवायचा, पिशवीत काय ठेवायचं आणि हात कुठे चुकतो, एवढं इथून घेऊन जाता येईल.

संस्था कशातून जन्मली

‘रिपोर्टर्स इन्स्ट्रक्टेड इन सेव्हिंग कलीग्ज’, थोडक्यात ‘रिस्क’. संस्थापक अमेरिकी पत्रकार सेबॅस्टियन युंगर. त्यांचा जन्म १९६२चा. वेस्लियन विद्यापीठात त्यांनी सांस्कृतिक मानववंशशास्त्र शिकलं. पण लिखाणावर पोट भरण्याआधी ते दोरावर लटकून उंच झाडं कापायचं काम करत. त्या कामात चेनसॉनं त्यांचा पाय कापला गेला. त्यानंतर जोखमीची कामं करणाऱ्या माणसांबद्दल लिहायचं त्यांनी मनावर घेतलं. १९९३मध्ये ते बोस्नियातल्या युद्धाच्या वेळी सारायेवोला गेले, तेही फ्रीलान्सर म्हणूनच. पाठीशी मोठी वृत्तसंस्था नाही, विमा नाही, काही झालं तर धावून येणारं कुणी नाही, ही अवस्था त्यांनी स्वतः पाहिलेली होती.

२००७-०८मध्ये युंगर आणि ब्रिटिश छायाचित्रकार टिम हेदरिंग्टन अफगाणिस्तानातल्या कोरेंगल खोऱ्यात एका अमेरिकी पलटणीबरोबर राहिले. त्यातून दोघांनी केलेल्या माहितीपटाला २०१०च्या सनडान्स महोत्सवात ज्युरींचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि पुढे ऑस्कर नामांकनही. २० एप्रिल २०११ रोजी लिबियातल्या मिस्राता शहरात झालेल्या स्फोटात हेदरिंग्टन आणि छायाचित्रकार ख्रिस हॉन्ड्रोस मारले गेले. हेदरिंग्टन यांना जांघेजवळ तुकडा लागला होता. रुग्णालयाकडे नेत असताना, पिकअप ट्रकच्या मागच्या भागात, रक्तस्रावानं त्यांचा मृत्यू झाला. सोबतच्या कुणाला रक्त रोखायचे साधे उपाय येत असते, तर ते रुग्णालयापर्यंत जिवंत पोचण्याची शक्यता होती, हे युंगर यांना नंतर समजलं. ‘रिस्क’ उभी राहिली ती त्यावरून. २०१२च्या एप्रिलमध्ये न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात २४ जणांची पहिली तुकडी शिकली. प्रशिक्षण मोफत होतं आणि ते युद्धक्षेत्रात आधीपासून काम करणाऱ्या फ्रीलान्सरांसाठी होतं.

ही पार्श्वभूमी सांगायचं कारण असं, की अभ्यासक्रमाचा क्रम तिच्यातूनच आला आहे. मलमपट्टी, ताप, सर्पदंश यांचा क्रम नंतर लागतो. आधी रक्त थांबवायचं. तेही मदतीला डॉक्टर नाही, हातात थोडंसं सामान आहे आणि आजूबाजूला गोंधळ आहे, हे धरून चालायचं.

याच वाटेवरच्या आणखी दोन संस्था माहीत असाव्यात. रोरी पेक ट्रस्ट ही लंडनची संस्था १९९५पासून फ्रीलान्सरांना मदत करते. १९९३च्या ऑक्टोबरमध्ये मॉस्कोत चित्रीकरण करताना मारले गेलेले फ्रीलान्स कॅमेरामन रोरी पेक यांचं नाव तिला दिलं आहे. ‘कमिटी टू प्रोटेक्ट जर्नलिस्ट्स’ १९८१पासून काम करते आणि सुरक्षेबद्दलची तिची मार्गदर्शक टिपणं कुणालाही वाचता येतात.

प्रवेश मिळवताना

या क्षेत्रातल्या प्रशिक्षणाला ‘हेफॅट’ म्हणतात. धोक्याच्या परिसरात वावरणं आणि प्रथमोपचार, असे दोन्ही विषय त्यात असतात आणि ते सहसा तीन ते पाच दिवस चालतं. मोठ्या वृत्तसंस्था आपल्या पगारी माणसांना तिथे पाठवतात. फ्रीलान्सरला ते स्वखर्चानं परवडत नाही, म्हणून मोफत जागा किंवा शिष्यवृत्ती शोधावी लागते.

अर्जात कळकळ ओतू नका, पुरावे द्या. मागच्या दोन-तीन वर्षांत प्रसिद्ध झालेलं काम तारीख आणि ठिकाणासह द्या. ज्यांनी ते छापलं किंवा दाखवलं, अशा एखाद्या संपादकाचं नाव त्यांची परवानगी घेऊन द्या. पुढे कुठे, कशासाठी जाणार आहात ते दोन-चार वाक्यांत सांगा. तुमचं प्रशिक्षण दुसरं कुणी का करून देत नाही, हेही स्पष्ट लिहा. अर्ज बाद होतात ते बहुतेक वेळा इथेच. ‘मला युद्धवार्तांकन करायचं आहे’ एवढंच लिहिलेलं असतं आणि आजवर काय केलं ते कुठेच दिसत नाही. ज्यांनी अजून कधी अशा ठिकाणी काम केलेलं नाही, त्यांना या जागा मिळणं अवघड असतं. त्यांनी आधी आपल्या जवळपास रेड क्रॉस किंवा तत्सम संस्थेचा प्रथमोपचाराचा वर्ग करावा. तो अर्जात लिहिता येतो आणि मुख्य म्हणजे तेवढा हात बसतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. प्रशिक्षणात खोटं रक्त, धूर, किंकाळ्या आणि स्फोटाचे आवाज वापरून प्रसंग उभे करतात. पूर्वी अशा प्रसंगातून गेलेल्या माणसाला ते झेपेलच असं नाही. प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी तसं सांगितलं, तर तो तुम्हाला बाजूला थांबण्याची मोकळीक देतो. त्यात कमीपणा काही नाही.

पिशवीत काय हवं

कमरेला किंवा जाकिटाला बसेल असा एक छोटा पाउच पुरतो. त्यात हे असावं: दोन टूर्निकेट (हातापायाभोवती आवळून रक्त रोखायचे पट्टे, त्यांना पिळायची दांडी असते), जखमेत भरायचा गॉज (शक्यतो रक्त गोठवणारं औषध लावलेला एक रोल आणि साधे दोन), दाबून बांधायचं एक रुंद लवचीक बँडेज, छातीच्या जखमेवर चिकटवायचे दोन चेस्ट सील, नायट्राईल ग्लोव्हजच्या दोन जोड्या, कपडे कापायची बोथट टोकाची मोठी कात्री, अंग झाकायची चकचकीत थर्मल चादर आणि कायमस्वरूपी शाईचा मार्कर. मार्कर फालतू वाटतो, पण तो का लागतो ते पुढे येईल.

टूर्निकेट घेताना स्वस्तात मस्त शोधू नका. नावाजलेल्या टूर्निकेटच्या नकला सर्रास विकल्या जातात. दिसायला त्या हुबेहूब असतात, पण ताण आला की त्यांची पिळायची दांडी वाकते किंवा मोडते, नाहीतर पट्ट्याची शिवण उसवते. नेमकं रक्त थांबत आलेलं असताना हे घडतं. उत्पादकाकडून किंवा त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या.

पाउच दोन्ही हातांना पोचेल अशा जागी लावा. एक हात जखमी झाला तर दुसऱ्यानं तो उघडता आला पाहिजे. टूर्निकेटचं प्लास्टिकचं वेष्टण घरीच काढा आणि पट्टा एका हातानं ओढता येईल असा घडी घालून ठेवा. रक्तानं निसरड्या झालेल्या बोटांनी वेष्टण फाटत नाही. आणि पाउच कॅमेऱ्याच्या पिशवीच्या तळाशी ठेवला असेल, तर तो नसल्यातच जमा.

सोबत एक कार्ड ठेवा: नाव, ॲलर्जी, नेहमीची औषधं, दोन माणसांचे संपर्क. रक्तगट लिहायला हरकत नाही, पण रुग्णालय तो स्वतः तपासूनच रक्त देतं. त्यापेक्षा ‘रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे’ ही ओळ डॉक्टरांच्या जास्त उपयोगाची.

पहिली पायरी: दुसरा जखमी तुम्ही होऊ नका

धावत जखमीकडे जाणं हा पहिला आवेग असतो. तो दोन सेकंद रोखा. ज्यानं त्याला लागलं ते अजून चालू आहे का? गोळीबार सुरू असेल, तर आडोशाला राहून त्याला ओरडून सांगा: सरकता येत असेल तर इकडे ये, स्वतःच जखम दाबून धर. शुद्धीवर असलेला माणूस स्वतःच्या पायाला टूर्निकेट लावू शकतो, म्हणून स्वतःवर लावायचा सराव वेगळा करावा लागतो. ओढून आणायची संधी मिळाली तर आणा, उपचार आडोशाला आल्यावर.

दुसरी पायरी: हातापायाचं रक्त

आधी कपडे कापा आणि बघा. गडद पँटवर रक्त दिसत नाही, ओल लागते. पाठीखाली, मांडीच्या मागे, काखेत हात फिरवून बघा. रक्ताची चिळकांडी उडत असेल, जमिनीवर थारोळं साचत असेल, कापड भिजून निथळत असेल किंवा अवयव तुटला असेल, तर टूर्निकेटला उशीर करू नका.

पट्टा जखमेच्या वर, म्हणजे जखम आणि धड यांच्यामध्ये, पाच ते सात सेंटिमीटरवर येतो. कोपर किंवा गुडघ्यावर नाही, कारण सांध्याच्या हाडांमध्ये धमनी दबत नाही. जखम गुडघ्याला लागून असेल तर पट्टा मांडीवर घ्या. जखम नेमकी कुठे आहे ते बघायला वेळच नसेल, तर कपड्यांवरूनच मांडीच्या किंवा दंडाच्या जितकं वर जाता येईल तितकं वर बांधा. मात्र खिशात काय आहे ते आधी चाचपा. पट्ट्याखाली फोन, किल्ल्या किंवा लेन्सचं झाकण राहिलं, तर दाब त्या वस्तूवर पडतो आणि रक्त वाहतच राहतं.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. दांडी पिळायला घेण्याआधी पट्टा हातानं ओढून जितका आवळता येईल तितका आवळा. नवशिका पट्टा सैल गुंडाळतो आणि बाकीचं काम दांडी करेल असं समजतो. दांडी मग फिरतच राहते, पट्ट्याच्या सुरकुत्या पडतात आणि दाब पुरेसा येत नाही. पट्ट्याखाली बोटांची टोकं शिरत असतील, तर तो अजून सैल आहे. नीट आवळलेल्या पट्ट्यावर दांडीचे अर्धे-अर्धे तीन वेढे सहसा पुरतात. त्याहून जास्त लागत असतील, तर आधीचा ढिलेपणा राहून गेला आहे.

पिळत राहायचं ते रक्त थांबेपर्यंत. जखमी कळवळेल, शिव्या देईल, ‘सोड’ म्हणेल. नीट लागलेलं टूर्निकेट प्रचंड दुखतं. त्या ओरडण्याला घाबरून अर्ध्यावर थांबणं घातक आहे. अर्धवट आवळलेला पट्टा शिरा बंद करतो, पण धमनी चालूच ठेवतो. रक्त आत येत राहतं, परत जाऊ शकत नाही आणि जखम जास्तच वाहते.

थांबलं की दांडी खाचेत अडकवा, वरची पट्टी बंद करा. वेळ लिहा. पट्टीवर जागा असते, नाहीतर मार्करनं कपाळावर लिहा. घड्याळातली खरी वेळ लिहायची, ‘दहा मिनिटांपूर्वी’ असं नाही. पुढच्या माणसाला ती पट्टी दिसायला हवी, म्हणून चादरीखाली झाकू नका.

रक्त परत सुरू झालं तर पहिला पट्टा सोडू नका. आणखी आवळा, आणि तरी थांबत नसेल तर दुसरा त्याच्या वर लगटून लावा. मांडी जाड असते, तिथे दुसरा लागणं नवल नाही. दोन टूर्निकेट ठेवायची ती यासाठीच.

‘मधूनमधून सैल करून पायाला रक्त पोचू द्यावं’ हा जुना समज अजून कानावर येतो. तसं अजिबात करू नका. सैल करताच गोठू लागलेलं रक्त सुटतं आणि आधीच कमी झालेलं रक्त आणखी जातं. साधारण दोन तासांपर्यंत अवयवाला कायमची इजा होण्याचा धोका कमी असतो. त्यापुढे तो वाढत जातो, पण पट्टा काढायचा निर्णय डॉक्टरांचा.

टूर्निकेट नसेल तर? नुसता कमरेचा पट्टा पुरेसा आवळला जात नाही. दोरी किंवा वायर मांसात रुतते. चार-पाच सेंटिमीटर रुंद घडी घातलेलं मजबूत कापड आणि पिळायला न मोडणारी काठी, एवढं जमलं तर प्रयत्न करा. पेन लगेच मोडतं. तेवढंही नसेल, तर जखमेवर थेट दोन्ही हातांनी, कोपर ताठ ठेवून, अंगाचा भार टाकून दाबा.

तिसरी पायरी: जिथे पट्टा बसत नाही

जांघ, काख आणि मानेचा बुंधा. हेदरिंग्टन यांची जखम अशाच जागची होती, म्हणून हा भाग मन लावून शिका. इथे जखमेत गॉज भरायचा असतो.

बोटानं आत रक्त कुठून उसळतंय ते शोधा आणि तिथेच दाबा. गॉजचं टोक त्याच बोटाखाली सरकवा. मग दुसऱ्या हाताच्या बोटानं पुढचा गॉज आत ढकला, पहिलं बोट दाब न सोडता बाहेर काढा, पुन्हा पहिल्यानं ढकला. बोटं आळीपाळीनं चालतात, पण आतला दाब क्षणभरही सुटत नाही. पोकळी गच्च भरून गॉज त्वचेच्या वर उंचवटा होईपर्यंत भरत राहा. मग दोन्ही तळव्यांनी दाबून धरा: औषधी गॉज असेल तर किमान तीन मिनिटं, साधा असेल तर दहा. घड्याळ लावा, कारण अशा वेळी एक मिनिटसुद्धा पाच मिनिटांसारखं वाटतं. मध्येच उचलून ‘थांबलं का’ ते बघू नका. बघितलं की पुन्हा पहिल्यापासून. वरपर्यंत भिजलं तर आणखी गॉज टाकून जास्त जोरानं दाबा. शेवटी, मान सोडून इतर ठिकाणी, त्यावर बँडेज घट्ट बांधा.

गॉज नुसता वरवर ठेवून बँडेज गुंडाळणं ही इथली ठरलेली चूक. वरून सगळं नीटनेटकं दिसतं आणि आत रक्त वाहत राहतं.

मानेभोवती काहीही आवळून बांधायचं नाही, फक्त हातानं दाबायचं. छाती आणि पोटाच्या जखमेत गॉज भरायचा नाही. रुतलेला तुकडा उपसायचा नाही. त्याच्याभोवती कापड रचून तो हलणार नाही असं बघायचं.

चौथी पायरी: श्वास, छाती, थंडी

रक्त आटोक्यात आल्यावर श्वास. बोलतोय म्हणजे श्वासमार्ग मोकळा आहे. बेशुद्ध असून श्वास चालू असेल, तर कुशीवर वळवा, म्हणजे जीभ किंवा उलटी घशात अडकणार नाही. छातीला भोक असेल तर सील चिकटवा. आधी घाम आणि रक्त पुसा, नाहीतर चिकटत नाही. मग पाठ तपासा. आत शिरलेलं बाहेर पडलं असेल तर मागे दुसरी जखम असते, आणि ती हमखास राहून जाते. सील लावल्यावर श्वास आणखी कोंडू लागला, तर एक कड उचलून अडकलेली हवा जाऊ द्या.

रक्त गेलेल्या माणसाचं अंग उष्ण हवेतही थंड पडतं आणि थंड पडलेल्या अंगात रक्त नीट गोठत नाही. म्हणून त्याच्या अंगाखालीही काहीतरी घाला. नुसतं वरून पांघरून भागत नाही, जमीन उष्णता ओढून घेते. तोंडानं पाणी, चहा काही देऊ नका. शस्त्रक्रियेच्या वेळी ते अडचणीचं ठरतं.

पाचवी पायरी: रुग्णालयापर्यंत

पोटात किंवा छातीत आतल्या आत होणारा रक्तस्राव बाहेरून थांबवता येत नाही. चेहरा पांढरा पडणं, गार घाम, वेगवान कमजोर नाडी, बोलण्यात गोंधळ, आणि बाहेर मात्र रक्त नाही, असं असेल तर वाट न बघता हलवा. २०२०च्या जूनमध्ये युंगर यांच्या स्वतःच्या पोटातली एक धमनी फुटली आणि ते मरता मरता वाचले. वेळेत रुग्णालय गाठलं आणि दहा युनिट रक्त चढवलं गेलं म्हणूनच. रक्तदान करा, असं ते आता जाहीरपणे सांगतात.

जखमीला सोपवताना चार गोष्टी सांगा: कशानं लागलं, कुठे लागलं, तुम्ही काय केलं, टूर्निकेट किती वाजता लावलं. वाटेत गाडीत त्याच्याजवळ बसा. हलवाहलवीत दांडी खाचेतून निसटते, गॉज सरकतो. दर काही मिनिटांनी हात घालून बघा.

हात बसलेला राहावा म्हणून

प्रशिक्षणात आलेलं कौशल्य सरावाशिवाय काही महिन्यांत मंदावतं. महिन्यातून एकदा, अंधारात आणि ग्लोव्हज घालून, स्वतःच्या पायावर आणि मग फक्त डाव्या हातानं उजव्या दंडावर टूर्निकेट लावून बघा. सरावात पूर्ण आवळून फार वेळ ठेवू नका, दांडी खाचेत बसली की सोडा. सरावाचं टूर्निकेट वेगळं ठेवा आणि त्यावर ठळक खूण करा. वारंवार पिळून पट्टा आणि प्लास्टिक थकतं, म्हणून ते कामावर न्यायचं नाही.

दर दौऱ्याआधी पाउच उघडून बघा. औषधी गॉज आणि सील यांवर मुदतीची तारीख असते. उन्हात तापलेल्या गाडीत राहिलेल्या सीलचा गोंद जातो, पट्ट्याच्या चिकटपट्टीत धूळ आणि धागे भरतात. प्रशिक्षण दर दोन ते तीन वर्षांनी पुन्हा करा. कुणाबरोबर निघणार असाल, तर निघण्याआधी त्यालाही तुमचा पाउच कुठे आहे आणि तो कसा उघडतो ते एकदा दाखवा, कारण जखमी तुम्हीही होऊ शकता आणि तेव्हा त्यालाच तो उघडायचा आहे.